चादरीचं वजन

रात्री पावणेतीनला
चादरीला वजन असतं
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.
धुऊन धुऊन विरलेली सुती चादर
डाव्या अंगठ्यावर टेकली
आणि मी असा ओरडलो
की मिहिआता दिवा लावून बसली,
शेजारचं कुत्रं उठलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
माझी वर गेलीच नाही,
अंगठ्यातच घर करून बसली,
लाल, तुकतुकीत,
जसा कुणी आत किना ठेवावा
आणि वरून कातडी शिवावी.

किना म्हणजे आमच्या खडकांखालचा काटेरी गोळा.
फोडला की आत पाच पिवळ्या जिभा.
श्वास रोखून खाली जायचं,
वर येऊन अंगठ्यानंच उकलायचा.
(हाताच्या. तो अजून शाबूत आहे.)

आजाराचं कारण गावात प्रत्येकाला ठाऊक होतं.
धाकटा म्हणाला, खा आणखी शिंपले.
मेव्हणा म्हणाला, बीअर,
आणि स्वतःची बाटली पाठीमागे लपवली.
मीही मान्य केलं:
जिभेचे चोचले पायाला भोवले.

मग सोडलं.
किना, शिंपले, काळीज, शनिवारची बीअर.
मराएवर पंगत बसली, जमिनीतून हांगी वर आली,
ओल्या मातीचा, रताळ्याचा, मांसाचा वास,
आणि मी पाण्याचा पेला धरून
आजारी पाहुण्यासारखा कोपऱ्यात.
सात महिने.
आठव्या महिन्यात मावशी गेली.
तिच्या अंत्यविधीला मी बोलायला उभा राहिलो
एका पायात बूट, दुसऱ्याला टॉवेल,
आणि मध्येच पूर्वजांची नावं विसरलो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं असतं ना?
आमच्याकडे आजोबांना ठेच,
ते घोड्यावरून उतरताना घोड्यालाच शिव्या देत.
बापाला ठेच,
त्यानं डाव्या बुटाला कात्रीनं खिडकी पाडली होती,
अंगठ्याला हवा लागावी म्हणून.
मला ठेच.
शहाणा कुणीच नाही.

नर्स वायमिरिआनं रक्त घेतलं,
चार दिवसांनी स्वतः घरी आली.
म्हणाली, खाण्यानं थोडंफार वाढतं, तामाहोउ,
पण इतकं कुणी नुसतं खाऊन साठवत नाही.
तुझी मूत्रपिंडं चिकट आहेत, सोडवत नाही त्यांना.
हे रक्तातून आलंय.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
जमीन गेली, भाषा अर्धी गेली,
वारसा म्हणून हेच पुरतं आलं.
पण खरं सांगू,
सात महिन्यांची लाज
त्या दुपारी खाली उतरली.

मग पांढरी गोळी, रोज एक, दुखो न दुखो.
आणि सोबत दुसरी, सुरुवातीच्या महिन्यांपुरती,
कारण जुने खडे विरघळताना आधी टोचतात.
हे तिनं सांगितलं होतं.
तरी दुसरी मी घेतली नाही,
आणि तिसऱ्या आठवड्यात पाय पुन्हा पेटला तेव्हा
पहिलीही गल्ल्यात टाकली, नाण्यांबरोबर.
वायमिरिआ ओरडली नाही.
भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे तिनं एक आकडा लिहिला,
शून्य दशांश छत्तीस,
म्हणाली, याच्या खाली न्यायचंय,
पाणी उतरतं तसं, हळूहळू.
तक्ता फ्रीजवर लावला.
शंभर, दोनशे, तीनशे.
दर महिन्याला सुई, दर महिन्याला नवा आकडा.
मिहिआता तो पेन्सिलीनं लिहायची,
खाली माशांचे भाव.

आता दोन हिवाळे झाले.
चादर पुन्हा नुसती चादर आहे.
बीअर क्वचित. किना एखादा,
पाण्यातून वर येताच,
आणि रात्री गोळी, न चुकता.

काल धक्क्यावर पुतण्याचा पोरगा दिसला,
टिपेने, चोवीस वर्षांचा,
दोरखंडावर हात टेकून एका पायावर.
ठेच लागली, म्हणाला.
बरं, म्हटलं.
घरी आणला, पायरीवर बसवला,
आणि पलंगाखालून
बापाचा तो खिडकीवाला बूट ओढून
त्याच्यासमोर ठेवला.