दोन रेघा

दोन रेघा उमटल्या तर नाही,
एकच उमटली तर हो.
पट्टीचं असं उलटं असतं.
प्रशिक्षणात मॅडमनी तीनदा सांगितलं,
तरी पहिल्या दिवशी चार नावं मी उलटीच लिहिली.

जिंतूरपासून अकरा किलोमीटर. शाळेच्या व्हरांड्यात टेबल,
थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फात डब्या,
डबीवर नाव नाही, नुसता आकडा.
आधी प्रश्न, मग डबी.
प्रश्न सतरावा: गेल्या सात दिवसांत
बिडी, सिगारेट, चिलीम?

मुंजाजी म्हणाला, "नाय बाई. लेकराची आण."
बोलताना वाकला, तशी खिशात काडेपेटी वाजली.
"देवापशी दिवा लावाया लागती."
मी 'नाही'भोवती गोल केला.
कागदाला ऐकू येत नाही.
एकच रेघ.

कुशिवर्ताबाई पदराआड हसली,
"बायामाणसं कुठं वढतेत का, माय?"
तिचीही एकच.
मिशरीचा प्रश्न बाविसावा होता.
तिथवर पोचायच्या आत ती
म्हशीची वेळ झाली म्हणत उठून गेली,
उजव्या हाताचं बोट काळंभोर.
खोटं ती बोललीच नव्हती.
विचारलंच मी चुकीचं होतं.

उन्हं उतरताना आले गुलाम दस्तगीर.
"लिही बेटी, रोजचा एक बंडल. कमी लिहू नको."
दिवसभरातलं पहिलं सरळ उत्तर.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

दोन रेघा.
दुसरी पट्टी फोडली. दोन. ठळक,
नव्या वहीच्या समासासारख्या.

"चाचा, तुम्ही तर ओढत नाही."
त्यांनी मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं,
बिडी ओढताना पोरगं सापडावं तसं.
"पोळ्यापासून बंद हाय. दम लागायला.
पर सांजच्याला पुलावर बसायचो आम्ही तिघं.
सोपान गेला. ऱ्हायलो मी अन् लक्ष्या.
एकट्यानं वढायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं.
मग मीबी धरतो तोंडात. पेटवत नाय.
त्याला मोतीबिंदू, त्याला वाटतं दोघं वढायलो.
तुझा कागद गावातच फिरंल.
एक बंडलच ऱ्हाऊ दे."

सांगितलेलं: हो. तपासलेलं: नाही.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात पूल मावेना, लक्ष्या मावेना,
न पेटलेली बिडी आडवी धरली तरी मावेना.
लिहिलं, 'जुळत नाही.'

परतताना जीपमध्ये आईचा फोन.
जेवलीस का?
हो म्हणाले.
मांडीवरच्या खोक्यात बर्फाचं पाणी झालेलं,
खड्डा आला की
आकडे एकमेकांवर आपटायचे.