बेंबीच्या देठापासून

वयाची अट संपायला अकरा दिवस उरले होते
तेव्हा मी सही केली.

त्याआधी नऊ हंगाम, सिनसिनाटीत,
राणीच्या तीन दासींपैकी मी तिसरी.
हातात दिवा. वाट्याला सव्वा ओळ:
बाईसाहेब, ते आले.
मग विंगेत जाऊन उरलेली रात्र
राणीचं सगळं गाणं
ओठ न हलवता गायचं.
दिवसा एका दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलायचे.
गाल सुजलेले लोक म्हणायचे,
आवाज छान आहे हो तुमचा.

मिसुरीत जानेवारी, दहा आठवडे चिखल.
सार्जंट फॉन्टेनो पहाटे पाचला असा ओरडायचा
की त्याच्या गळ्याची शीर फुगायची
आणि दुखायचं मला.
सातव्या आठवड्यात त्याचा आवाज बसला.
मी म्हटलं, सार्जंट, गळ्यातून नका.
बरगड्या उघडा. बेंबीच्या देठापासून.
त्यानं मला चाळीस जोर काढायला लावले.
दुसऱ्या दिवशी त्याची हाक
टेकडीला आपटून परत आली.
तो क्षणभर स्वतःच दचकला.

आता माझं रंगमंदिर म्हणजे उतारावरचं गवत,
एकसारखे पांढरे दगड,
आणि पडदा म्हणजे सहा जणांनी कंबरेइतका उचलून
ताणून धरलेला झेंडा.
गाण्याआधी मी तोंडात बर्फाचा खडा धरते,
म्हणजे थंडीत श्वासाची वाफ दिसत नाही.
गाणाऱ्या बाईनं इथे
श्वास घेताना दिसू नये असा दंडक आहे.
माझ्याहून चांगली पट्टी कधीकधी वारा लावतो.
मी त्याच्याशी जुळवून घेते.

आई दुलूथहून फोन करते. तिला अजून वाटतं,
मी नाटकातच आहे.
आज कशात होतीस?
आज सकाळी तीन झाले, आई.
एक वैमानिक. एक आचारी, ब्याण्णव वर्षांचा.
एक वीस वर्षांचा.
गर्दी होती का?
आचाऱ्याला दोघंच. एक पुतणी, एक शेजारी.
आई थोडा वेळ गप्प. मग विचारते,
मग त्या दोघांसाठी सगळं गायलीस?
सगळं, आई. एकही ओळ गाळली नाही.

वार्षिक अहवालात लिहिलंय:
दोन मैल धावणे, उत्तीर्ण.
नेमबाजी, मध्यम.
आवाज, योग्य.

बारा वर्षांत टाळी एकदाच वाजली.
एप्रिल होता. शेवटचा सूर मी सोडला,
तो झाडांपर्यंत जाऊन विरला,
आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर
पाय जमिनीला न पोचणारा एक मुलगा
मनापासून टाळ्या वाजवू लागला,
हात डोक्याच्या वर नेऊन.
आजीनं त्याचे हात धरले.
पांढऱ्या हातमोज्यांची रांग हलली नाही.
तुतारी ओठांशी नेलेला क्विनलन
अर्धा ठोका चुकला, हे फक्त मला कळलं.
मला झुकायचं होतं.
नऊ हंगाम आरशासमोर तालीम केली होती त्याची,
डावा पाय मागे, हात हृदयाशी.
मी सावधान उभी राहिले.
गुडघे मात्र जरासे वाकले,
कुणी पाहिलं असेल तर पाहिलं असेल.

निवृत्तीच्या कागदात एक रकाना आहे:
सेवेत झालेली इजा.
सात बंदुका, तीन वेळा, दिवसातून कधी चारदा,
आणि मी त्यांच्या डाव्या हाताला वीस पावलांवर.
डॉक्टरीण विचारते, कानात काय ऐकू येतं?
मी म्हणते, एक स्वर. सारखा. रात्री जास्त.
कसा?
टिपेचा. पण किंचित उतरलेला,
केसाच्या अंतरानं.
ती लिहिते: शिट्टी.

घरी येऊन मी भांडी विसळते,
बरगड्या उघडते,
आणि तो जिथे असायला हवा होता
तिथे त्याला हळूच वर लावून देते.
ऐकत नाही. उद्या पुन्हा बघू.