निरवानिरव

लुसाकात, कामवालाच्या बाजारात, म्हातारा हामूंगा
आधी यूपीएस दाखवत नाही. कागद पुढे सरकवतो.
"काय काय जोडणार, लिही."
संगणक, पडदा, राउटर, लिहिलं मी.
प्रिंटर नाही लिहिला. ताकाला गेले नि भांडं लपवलं.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं,
तो शब्द स्वतःच लिहिला, स्वतःच खोडला.
"लेझरवाला तापताना एका घोटात सगळं पितो.
त्याला भिंतीवरच ठेव, सरकारच्या भरवशावर."

खोक्यावर ठळक साडेसहाशे.
त्यानं खोकं उलटं केलं. पोटाशी, मुंगीच्या अक्षरात,
तीनशे साठ वॅट.
"वरचा आकडा विकणाऱ्याचा, खालचा तुझा.
त्यातलाही अर्धाच खर्च कर."
किती चालेल, बाम्बो?
"सात मिनिटं. म्हातारी झाली की चार."
सात मिनिटांत काय होतं?
करिबाच्या यंत्रघरात केस पांढरे केलेला माणूस,
नदी आटताना रोज काठीवर मोजलेला,
म्हणाला,
"ती कामाची नसतात, मुली. आवरायची असतात."

मी दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करते, पानाला सहा क्वाचा.
वीज जाते तेव्हा अख्खं चिलेंजे एकदम श्वास सोडतं.
शेजारच्या सियामुनेनेबाईंचा जनरेटर खोकत उठतो,
अंगणात कोळशाच्या शिगड्या.
टेबलाखालून ती बारीक टीं... टीं...
पाहुणे निघाल्यावर कपबश्या उचलाव्यात
तशा मी पडद्यावरच्या खिडक्या मिटते.
जपून ठेव. जपून ठेव. बंद.

ऑक्टोबरात पत्रा तापला
की दर दहा अंशांमागे तिचं आयुष्य निम्मं होतं.
म्हणून खिडकीखालून हलवली, भिंतीपासून वीतभर सोडली.
मांजराला कोण सांगणार? ते झरोक्यांवरच निजतं,
त्याच्यासाठी मी जुन्या चितेंग्याची गादी
दुसऱ्या कोपऱ्यात घातली. तिथं ते बसत नाही.

प्रत्येक बॅटरीवर आणल्याची तारीख, मार्करनं.
पहिली आणली तेव्हा लिस्वानिसो पोटात होता.
दुसरी, बाबा मोंगूहून डोळे दाखवायला आले होते त्या महिन्यातली.
तिसऱ्या तारखेतला सात
मधोमध आडव्या रेघेचा. म्युबिता तसाच काढायचा.
तो सोल्वेझीच्या खाणीवर गेला,
आधी पैसे येत, मग निरोप,
मग निरोपांमधली अंतरं.
काही वाजलं नाही. वाजलं असतं तर
मी निदान काहीतरी जपून ठेवलं असतं.

ती बॅटरी फुगून पेटीत रुतली.
हामूंगानं पेटी उलटी धरून थोपटली, बाळाची ढेकर काढावी तशी.
शिशाच्या वजनावर पैसे कापून दिले.
तारखेकडे पाहिलं असेल त्यानं. विचारलं नाही.

चौथीवर माझं अक्षर.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी
वीज असताना मी मुद्दाम प्लग उपटते.
लिस्वानिसो घड्याळ घेऊन जमिनीवर पालथा,
मांजर त्याच्या पाठीवर.
मागच्या खेपेला सहा मिनिटं दहा.
आज ओरडला, "पाच पन्नास, आई! कमी झाली!"
लिही वहीत, म्हटलं.
पुरेत.
दोनच फाइली उघड्या आहेत.