पन्नासातले नऊ

निमटोल्याच्या बोडीत देवधान
गुडघाभर पाण्यात उभं.
बांधीत उगवलं तर निंदणाऱ्या बाया
उपटून धुऱ्यावर फेकतात,
इथं कुणी हात लावत नाही.

पार्बता वलथरे डोंगा रेटते.
मी कागदी पाकिटं छातीशी धरून.
मला पोहता येत नाही, पाकिटांनाही.
लोंब्या तिनं आठवड्यापूर्वीच
चार-चार एकत्र बांधून ठेवल्यात.
"पिकला का सुटते हा,
कोनाच्या हाती रायत नाई."
टोपलीच्या काठावर एक टोला,
लांब कुसळांचे काळपट दाणे झडतात,
अर्धे टोपलीत, अर्धे पाण्यात.
पाण्यातल्यांकडे मी बघत राहते.
"ते बोडीचे," ती म्हणते, आणि पुढे.

फॉर्म भरते: स्थानिक नाव. अक्षांश. मातीचा पोत.
उपयोग: करप्याला दाद न देणारा धान घडवायचा
तर ते बळ कदाचित ह्याच्यात असेल.
"ऋषीपंचमीले खातो, तेही लिव्ह.
नांगर नाई लागत याले."
जागा नव्हती. समासात लिहिलं.

प्रयोगशाळेत ओल्या कागदावर पन्नास दाणे.
चौदा दिवस.
उगवले तीन.
सरांनी वहीत शेरा मारला: बियाणे मृत.

मी फोन लावला. पलीकडे कोंबड्या,
कुणीतरी जाळं झटकत होतं.
"मेले नाई बाई, झोपले हायेत.
त्याईले पयले उन्हाळा खाऊ दे.
बोडी आटते, गाळ तडकते,
मंग कुठं डोये उघडते त्याईचे."

मग ओव्हनमध्ये उन्हाळा केला,
पन्नास अंश, सात दिवस, सात रात्री.
पुन्हा पन्नास दाणे मोजले, पुन्हा ओला कागद.
सहाव्या सकाळी झाकणाला आतून दव,
आणि पांढऱ्या सुया.
चौदाव्या दिवशी एक्केचाळीस.

सर म्हणाले, छान. ही पद्धत कुठे वाचलीस?

राहिलेल्या नवांचं विचारलं तर पार्बता हसली.
"सगळेच एका साली उठले,
अन् त्या साली पानी फसवलं, तं?
मांगं कोनी नोको का?"

आता पाकिटं उणे अठरावर, ओळीनं.
संग्राहकाच्या रकान्यात दोन नावं आहेत,
तिचं आधी.
न उगवलेले दाणे नियमानं टाकायचे असतात.
ते नऊ मी खिडकीतल्या कुंडीत
चिखलात दाबलेत.

फाल्गुन लागलाय. माती तडकायला लागली.
पाणी घालत नाही.