बारगीर

शब्दाचा अर्थ मोडीच्या वर्गात कळला:
बारगीर, म्हणजे ज्याचा घोडा सरकारी,
तलवारही सरकारी.

आमचे मूळपुरुष बारगीर. बंगालच्या स्वारीत होते.
काका हे लग्नाकार्यात, पान लावता लावता सांगायचे.
काका गेले. मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये
विम्याच्या पावत्यांखाली एक कागद निघाला.
मे महिना. कूलरमध्ये पाणी ओतून
मी अक्षरं सोडवत बसलो.

तांब्याचे हंडे चार.
भात खंडी दोन, उरला तो जाळला.
नथ एक.
वजन लिहिलंय, गुंजांपर्यंत.
नाकाचं काही लिहिलेलं नाही.

शेजारच्या शेफालीताई सान्याल,
आजोबा रेल्वेत गार्ड, अजनीला उतरले ते इथलेच झाले.
परवा नातवाला थोपटत काही गुणगुणत होत्या.
त्यात मला आमचा शब्द ऐकू आला.
विचारलं, तर हसल्या,
‘जाऊ द्या ना बाप्पा, जुनं आहे ते.
आमच्याकडे लेकरं तुमच्या भीतीनं झोपतात.’

पोट्टं झोपलं होतं. मूठ उघडी.

घोडा सरकारचा, मान्य.
तलवार सरकारची. हुकूम तर होताच.
पण दादा,
तो हात कोणत्या पागेतून मिळाला होता?

कागद अजून टेबलावरच आहे,
वर पेपरवेट.
शेफालीताईंना वाचून दाखवायचाय.
उद्या, उद्या म्हणत
आज चौथा दिवस.