विरजण

मंडळी म्हणाली, आता दुसरी मंडळी काढू.
कॉर्बीत आपली अकरा माणसं,
रविवारी बस तासाला एक,
केटरिंगला पोचेतो पहिलं गीत संपलेलं असतं.
खोलीही मिळाली, गालिच्यांच्या दुकानावर:
रबराचा वास, पंचवीस खुर्च्या,
आणि पाटी, की आग लागल्यास लिफ्ट वापरू नये.
लिफ्ट नाहीच.

पाळक शोधायला आम्ही चौघं बसलो.
मी, वत्सलाबाई उजगरे, आमचे पाळक चक्रनारायण,
आणि शमुवेल ओहोळ, ज्यांना शिंकेचीही नोंद लागते.
पहिला उमेदवार बर्मिंगहॅमहून आला.
छान बोलला. सव्वा तास बोलला.
मुलं खुर्च्यांखाली झोपली.
दुसऱ्याने विचारलं, सभासद किती?
अकरा, नवल्यांचं तान्हं धरून बारा.
बाराच?
वत्सलाबाई म्हणाल्या, बारा पुरतात हो,
त्यातला एक फुटला तरी.
तो चहा न घेताच गेला.
तिसरा आलाच नाही.
वहीत ओहोळांनी लिहिलं: बर्फ.

मग कॉर्बीच्या नवलेबाई म्हणाल्या,
बाहेर कशाला बघता?
आमच्यात रात्री कोणाला धाप लागली
तर पहिला फोन कोणाला जातो, ते विचारा.
आणि माझ्याकडे बघत राहिल्या.
मी टेबलावरचे बिस्किटाचे कण
बोटाने गोळा करत होते.

दीना. माझी.
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
जाणाऱ्याचा हात धरून स्तोत्र म्हणते, मराठीत,
तिला पाठ तेवढंच आहे.
पोलादाच्या कारखान्यातला एक म्हातारा स्कॉटिश
डोळे मिटूनच म्हणाला होता,
काय होतं ते, पोरी? पुन्हा म्हण.

ओहोळ म्हणाले, पण बाई…
वत्सलाबाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.
हात वर झाले. दोन,
मग सावकाश ओहोळांचा.
माझा मांडीवर होता.
देवाला दिली म्हणायला जीभ पुरते.
पण आमची पेटी तीच वाजवते,
रविवारच्या रश्श्याचं मीठही तिच्याच हातचं.
लिहा, मी म्हटलं, तटस्थ.
त्यांनी लिहिलं. खाली रेघही मारली.

शनिवारी ती पेटी न्यायला आली.
मी डबीत दोन चमचे विरजण घातलं.
हे काही गावाकडचं नाही, लेस्टरचं आहे.
सत्तावीस वर्षांमागे एका गुजराती बाईने
आम्हा पाच जणांना समोरची खोली दिली होती,
कोणाची प्रार्थना, न विचारता गाद्या अंथरल्या होत्या,
आणि निघताना हे, वाटीत झाकून.

देताना तळाशी थोडं राखायचं असतं,
नाहीतर दोन्हीकडे नुसतं दूधच.
हे तिला सांगायचं होतं.
सांगितलं ते एवढंच:
थंडी आहे, घोंगडीत गुंडाळ, हीटरजवळ ठेव,
सारखं उघडून बघू नकोस.

आज पहिली उपासना झाली असेल.
आमच्याकडे गीत कोणी धरलंच नाही,
सगळे एकमेकांची वाट बघत राहिले,
शेवटी ओहोळांनी धरलं, भलत्याच पट्टीत.

दुपारी मी फोन केला.
लागलं का?
आई, कोण, दही की मंडळी?
दोन्ही.
थांब जरा, म्हणाली. अजून हलतंय.