सूतभर

गामदेवीच्या वागळेबाईंचा फोन आला:
इमारत पाडतायत, मार्चअखेर घर खाली करायचंय,
कपाट दारातून निघत नाही.
मोडून न्या, म्हणाल्या. मग थोडं थांबून,
मोडू नका, सोडवा.

सोबत दोन पोरं, चार्जिंगचा ड्रिल.
अफरोजनं चारी बाजूंनी हात फिरवला,
म्हणाला, शेठ, स्क्रूच नाय कुठे.
नसणारच.
बाबल मेस्त्रींचं कपाट आहे हे.

एकोणऐंशी साल. खेतवाडीच्या बाराव्या गल्लीत
छापखान्याच्या मागे कारखाना,
कारखाना कसला, अकरा बाय चौदा.
भिंतीला टेकलेल्या बल्लारशाच्या फळ्या,
कोपऱ्यात सरसाचा डबा; तो उकळला
की छापखान्यातले लोक खिडक्या लावून घ्यायचे.
मी सोळा वर्षांचा. पहिले चार महिने
नुसती पटाशीला धार.
आली की नाही, ते मेस्त्री
स्वतःच्या मनगटावर बघायचे.
त्या वर्षी त्यांच्या डाव्या हातावर
केस म्हणून उगवला नाही.

रे रोडच्या वखारीत
ओंडक्यावर बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचे.
वखारवाला तोंडातलं पान सांभाळत हसायचा.
मी काही बोलायला गेलो तर,
"लाकूड बोलता, तू गप ऱ्हव."

कौतुक त्यांच्या तोंडात नव्हतं.
जमलं तर, हूं.
चुकलं तरी, हूं.
दोन्हींत फरक सूतभर,
तो कळायला सहा वर्षं गेली.
आणि कळला तेव्हा मी निघालो.

आता नायगावला माझी शेड आहे.
मशीनमध्ये नकाशा घातला
की पलीकडून स्वयंपाकघर बाहेर पडतं.
दहा वर्षांची गॅरंटी,
अकराव्या वर्षी फुगतं.
त्यांना दाखवायला कधी आणलं नाही.
वेळ नव्हता, असं सांगायचो.
ते गेले तेव्हा मी मोरबीला होतो,
लॅमिनेटचे नमुने बघत.

कपाटापुढे उकिडवा बसलो.
मेस्त्रींची एक खोड होती: सगळ्या खुंट्यांत
एकच अशी, जी बाकीच्यांना सोडते.
कॉर्निसच्या मागे धूळ, वाळलेली पाल,
आणि ती. शिसवाची, करंगळीएवढी.
मोगरीचे दोन टोले, उलट अंगानं.
पंचेचाळीस वर्षांचं कपाट
एकदा कण्हलं. डोकं सुटलं, कुशी सुटल्या,
फळ्या एकेक करून हातात येत गेल्या.
पोरांनी मोबाईल काढले.

डाव्या खांबाला, आतून, खालच्या खाचेपाशी
लाकडाची रेघ जरा वळत होती.
वळायचं कारण नव्हतं.
बोटाला काही लागेना. उजेडात धरला खांब.
ठिगळ.
दोन इंच बाय पाऊण,
रेघेला रेघ लावून बसवलेलं,
गाठीचा अर्धा डोळासुद्धा जुळवलेला.

उलट्या तोंडावर खाच मारली होती ती मीच.
शनिवार होता, मला सिनेमाला जायचं होतं.
सोमवारी आलो तर खांब उभा, खाच जागेवर,
मला वाटलं, बरोबरच मारली असणार आपण.
मेस्त्री रंधा मारत होते.
तुकड्यासाठी अख्खी वखार पालथी घातली असेल त्यांनी,
रविवारी, बंद वखार उघडायला लावून.
विचारलं, ठीक आहे ना?
हूं, म्हणाले.

बाई दारात चहा घेऊन.
ठाण्याच्या फ्लॅटचं छत तीन इंच कमी आहे,
पाय कापावे लागतील का हो?
बघतो, म्हटलं. पाय नको कापायला,
डोक्यातून काढता येईल कदाचित,
मशीननं नाही.

रात्री माळ्यावरून पेटी उतरवली.
पटाशी होती. दगड सापडेना,
कडप्प्याच्या तुकड्यावर घासली दीड तास,
मनगटावर लावून पाहिली.

एकही केस निघाला नाही.